चेहरा कुणाला दिसतो? स्नायपरवर कादंबरी लिहायची तर आघाडी कोणती घ्यावी

नायक स्नायपर करायचा असं ठरलं की लेखक पहिल्यांदा रायफल शोधायला बसतो. कोणतं मॉडेल, कितीची गोळी, मॅगझिनमध्ये काडतुसं किती. हे सगळं लागतंच, पण नंतर. आधी एक साधा भागाकार करा. नायक आणि त्याचं लक्ष्य यांच्यातलं अंतर मीटरमध्ये घ्या आणि स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) जितक्या पटीचा आहे तितक्यानं भागा. ४०० मीटरवरचा माणूस ३.५ पट स्कोपमधून साधारण ११५ मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो. आता घराबाहेर पडून गल्लीत ११५ मीटरवरच्या माणसाकडे बघा. डोक्यावर टोपी आहे का, माणूस लंगडतो का, हातात काही आहे का, एवढं कळतं. डोळ्यांतली भीती, कपाळावरचा घाम, ओठांची थरथर यातलं काही दिसत नाही. आणि स्नायपरच्या गोष्टीतला कळसाचा प्रसंग बहुतेक वेळा नेमका त्या डोळ्यांतल्या भीतीवरच उभा केलेला असतो.

म्हणून आघाडी निवडताना पहिला प्रश्न हा: तुमच्या कादंबरीत चेहरा कुणाला दिसणार? चाप ओढणाऱ्याला, त्याच्या शेजारच्याला, की कुणालाच नाही? फ्लँडर्स (बेल्जियमकडची खंदकांची आघाडी) १९१५-१६, फिनलंड १९३९-४०, स्टालिनग्राड १९४२ आणि इटली १९४४-४५ या चार ठिकाणी याचं उत्तर वेगवेगळं येतं.

शब्दाचंही आधीच ठरवून टाका. ‘नेमबाज’ म्हटलं की वाचकाला ऑलिंपिकची रेंज आठवते, तेव्हा ‘स्नायपर’च ठेवा. परका म्हणून टाळायचं काही कारण नाही, शब्दाचा जन्म आपल्याकडचाच आहे. १७७० च्या दशकात हिंदुस्थानातले ब्रिटिश अधिकारी पाणलाव्याच्या शिकारीला जात. ‘स्नाइप’ म्हणजे हा पाणलावा. चिखलातून अचानक उठून वेडावाकडा उडणारा हा पक्षी टिपणं मोठं अवघड, त्यावरून क्रियापद आलं आणि मागाहून माणूस.

फ्लँडर्स

समोरासमोरचे खंदक, महिनोन्‌महिने न हलणारी रेषा. १९१५ च्या सुरुवातीला या खेळात जर्मन फार पुढे होते. त्यांच्याकडे स्कोपच्या रायफली भरपूर होत्या आणि त्यांच्या खंदकाचा काठही ओबडधोबड असे: वेगवेगळ्या रंगांची पोती, मध्येच पत्रे, मध्येच राडारोडा. त्यात नेम धरायचं भोक कुठे आहे ते सापडत नसे. ब्रिटिशांनी आपला काठ थापीनं सारखा करून ठेवला होता. सपाट रेषेवर डोकं इंचभर वर आलं तरी उठून दिसे. कादंबरीत वापरण्याजोगी ही फार चांगली गोष्ट आहे, कारण इथे माणसं शिस्तीपायी मरतात.

ब्रिटिशांची दुसरी चूक रायफलीवरच होती. काडतुसांची पट्टी वरून भरता यावी म्हणून त्यांनी स्कोप नळीच्या बरोबर वर न बसवता डाव्या बाजूला बसवला. उघड्यावर ते चालून जातं. पण आडोशाला लावलेल्या पोलादी पत्र्याच्या अरुंद भोकातून नळी बाहेर काढली की डावीकडच्या स्कोपला समोर नुसता पत्रा दिसतो. तुमचा नायक १९१५ चा ब्रिटिश असेल आणि पत्र्याच्या भोकातून आरामात स्कोप लावत असेल, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. कॅनेडियनांच्या रॉस रायफलीची गोष्ट याच्या उलट. चिखल लागला की बोल्ट (काडतूस आत सारणारा दांडा) अडके, साधे शिपाई तिला वैतागले होते, पण तिचा नेम अचूक. त्यामुळे रायफल जिवापाड साफ ठेवणाऱ्या स्नायपरांनी ती सोडली नाही.

या आघाडीचं खरं धन मात्र स्नायपरच्या शेजारी बसलेल्या निरीक्षकाकडे आहे. ब्रिटिश मेजर हेस्केथ-प्रिचार्ड हा शिकारी आणि प्रवासी माणूस. त्यानं १९१६ मध्ये फर्स्ट आर्मीसाठी स्नायपिंग, निरीक्षण आणि टेहळणीची शाळा काढली. लोवट स्काउट्स नावाच्या पलटणीतले स्कॉटिश डोंगरांमधले शिकारवाटाडे त्याच्या हाताशी होते, आणि ते २० पट दुर्बिणीतून बघत. पुन्हा भागाकार करा: ४०० भागिले २० म्हणजे २० मीटर. चेहरा इथे दिसतो. कोणी दाढी केली, कोणाला खोकला झालाय, कोण पत्र वाचतोय, सगळं निरीक्षकाला दिसतं, आणि शेजारी पडलेल्या स्नायपरला फक्त एक डोकं दिसतं. मारायचा हुकूम देतो तो ओळखीच्या माणसाचा, मारणारा मारतो तो अनोळखी ठिपका. दोघांमधली ही तफावत म्हणजे अख्खी कादंबरी आहे. शिवाय डोळा थकतो म्हणून वीस-तीस मिनिटांनी दोघं जागा बदलतात. आज ज्यानं चेहरा पाहिला त्याच्याच हातात थोड्या वेळानं रायफल येते.

निरीक्षकाच्या वहीत वेळ, जागा आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं असतं. एका वहीत रोज जर्मन काठावर उन्हात बसणाऱ्या ठिपक्याठिपक्यांच्या मांजरीची नोंद झाली. मांजर आहे म्हणजे खाली धड निवारा आहे, आणि मांजर पाळण्याइतकी ऐसपैस जागा अधिकाऱ्यांचीच असणार, असा तर्क निघाला आणि तोफांनी ती जागा उडवली. अशी एक नोंद दहा ‘धडाड्‌धूम’पेक्षा जास्त काम करते.

दुसरी युक्ती जवळून पाहा, कारण ती चुकीची लिहिली जाते. कागदाच्या लगद्याचं डोकं काठीवर बसवून काठाच्या वर करत. तोंडात पेटती सिगारेट, तिला मागून रबरी नळी, नळी ओढायला खाली बसलेला माणूस. गोळी आली की डोक्याला पुढे एक आणि मागे एक अशी दोन भोकं पडत. ती दोन्ही एका रेषेत धरली की गोळी आली ती दिशा. पण बघणाऱ्यानं आपलं डोकं तिथे वर नेऊन पाहिलं तर दुसरी गोळी त्याची. म्हणून काठी खाचेतून बरोबर पेरिस्कोपच्या उंचीइतकी खाली सरकवायची, पेरिस्कोपचं खालचं टोक पुढच्या भोकासमोर लावायचं आणि मागच्या भोकातून बघायचं. काठी दोन बोटं कमीजास्त सरकली की दिशा चुकते, आणि शोध शेजारच्या पोत्यांवर जातो.

फिनलंड आणि स्टालिनग्राड

फिनलंड एकटेपणासाठी घ्या. सोव्हिएत रशियाशी युद्ध ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४०, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने. त्यामुळे कादंबरीला आपसूक चौकट मिळते. कोल्लाच्या आघाडीवरचा फिनिश स्नायपर सिमो हायहा स्कोप वापरतच नसे. स्कोपसाठी डोकं जास्त वर उचलावं लागतं, काचेवर श्वास गोठतो, ऊन पडलं की काच चमकते. साध्या लोखंडी साइटवर भागाकार होत नाही. २०० मीटर म्हणजे २०० मीटरच, चेहरा कुणालाच नाही. वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरायचा, आणि नळीपुढचा भुसभुशीत बर्फ दाबून घट्ट करायचा, नाहीतर बार होताच पांढरा फवारा उडतो आणि जागा कळते. तपशील उत्तम, पण संवाद कुणाशी? प्रथमपुरुषी निवेदन दोनशे पानं पेलत असेल तरच या वाटेला जा.

स्टालिनग्राडचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि तो आवरावा असं आमचं मत आहे. पडक्या इमारती, कारखाने, मामायेव टेकडी. अंतरं पुष्कळदा १०० मीटरच्या आसपास. मोसिन-नागांत या सोव्हिएत रायफलीवरच्या ३.५ पट स्कोपमधून तो माणूस तीसेक मीटरवर येतो, तेव्हा इथे चाप ओढणाऱ्यालाच चेहरा दिसतो हे खरं. पण सोव्हिएत स्नायपर वासिली झाइत्सेव्ह आणि जर्मन मेजर यांच्या द्वंद्वाची कथा इतकी फिरून झाली आहे की तुमचा नायक तिच्या सावलीतून बाहेर येणार नाही. झाइत्सेव्ह खरा, त्याच्या नावावरचे २२५ बळी सोव्हिएत नोंदींतले. समोरच्या त्या मेजरचा मात्र जर्मन कागदपत्रांत पत्ता लागत नाही. स्टालिनग्राडवर लिहायचंच असेल तर द्वंद्व सोडा आणि आकड्यांवर लिहा: मोजणी, साक्षीदाराची सही, सैन्याच्या वर्तमानपत्रात छापून येणारं नाव. एक तांत्रिक गोष्ट विसरू नका. स्कोप नळीच्या वर असल्यानं पाच काडतुसांची पट्टी भरता येत नाही, एकेक काडतूस बोटानं ढकलावं लागतं. थंडीनं बधिर झालेल्या बोटांना यात किती वेळ लागेल ते प्रसंगात धरा.

इटली

मराठीत लिहिणाऱ्यानं आधी इथे बघावं. ५ वी मराठा लाइट इन्फंट्री इथे लढली, त्यामुळे पात्रांच्या तोंडी मराठी घालायला कसरत करावी लागत नाही. हुकूम हिंदुस्थानीत, आपसातलं बोलणं मराठीत, अधिकारी बहुधा इंग्रज. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार ही उतरंड वाचकाला घरातल्यासारखी. (पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ चा कुतचा वेढा हाही एक विषय आहे, पण ती कादंबरी भुकेची होईल.)

ब्रिटिश बाजूच्या स्नायपरची रायफल ली-एनफिल्ड नंबर ४ (टी): दहा काडतुसं, दस्त्यावर गाल टेकवायला लाकडी ठोकळा, ३ पट स्कोप. स्कोप आणि रायफल यांची जोडी लावलेली असते, स्कोपचा नंबर रायफलीवर कोरलेला असतो. घाईत दोघांनी स्कोप अदलाबदल केले की दोघांचाही नेम गेला. या एका चुकीवर आख्खं प्रकरण उभं राहतं. सुरुवातीच्या स्कोपमध्ये आडव्या दुरुस्तीच्या चकतीची एक खिट्ट नेम १०० यार्डांवर सुमारे दोन इंच सरकवायची, म्हणजे ४०० यार्डांवर आठ इंच. माणसाचं डोकं सहा इंच रुंद. वाऱ्यासाठी एक खिट्ट फिरवली तर जास्त, नाही फिरवली तर कमी. म्हणून मुरलेला स्नायपर खिट्ट्यांच्या नादी न लागता नेमच वाऱ्याच्या बाजूला सरकवून धरी. निरीक्षकाकडे इथेही २० पट दुर्बीण, म्हणजे फ्लँडर्सची जोडी इथेही मिळते, शिवाय डोंगर, ऑलिव्हच्या पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि दगडी घरं. उन्हाळ्यात नळीपुढची धूळ उडते, तिथे ओलं फडकं अंथरायचं. चर्चच्या मनोऱ्यात नायकाला चढवू नका. तोफखाना पहिला गोळा तिथेच टाकतो.

आवाजाचं गणित याच आघाडीसाठी लिहून ठेवा. ली-एनफिल्डची .३०३ गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगानं निघते, ध्वनी ३४० नं. ४०० यार्डांवर गोळी साधारण ०.६ सेकंदात पोचते, रायफलीच्या बाराचा आवाज साधारण १.१ सेकंदानं. ज्याला लागते तो बार ऐकत नाही. शेजारच्याला आधी हवेतला ‘चट्ट’ ऐकू येतो, अर्ध्या सेकंदानं लांबून ‘ठप्प’. नवखा माणूस चट्ट ऐकून वळतो आणि चुकीकडे बघतो. जुना ठप्पची वाट बघतो, कारण दिशा त्यातच असते.

अंतराचा ताण हवा असेल तर १९४४ चा उन्हाळा घ्या, तिबेर खोऱ्याचे डोंगर, समोरच्या उतारावर ४००-५०० मीटर. अंतर मिटवायचं असेल तर एप्रिल १९४५ ची सेनिओ नदी. पात्र जेमतेम १५ फूट रुंद, बांध ३० ते ३५ फूट उंच, आणि दोन्ही बांध जर्मन खंदकांनी पोखरलेले. मराठा पलटणीतले शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळवला तो ९ एप्रिलला इथेच. हातबॉम्बच्या टप्प्यात स्कोपचा उपयोग नाही. पाचशे मीटरवरून लोकांना ओळखणारा तुमचा निरीक्षक इथे बांधाला पोट लावून पडलेला असतो आणि पलीकडचा श्वास त्याला ऐकू येतो.

सुरुवात कुठून करायची ते सापडत नसेल तर १० जुलै १९४४ घ्या, वरचं तिबेर खोरं. नाईक यशवंत घाडगे, वय २२, रायगड जिल्ह्यातले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतला एकूण एक माणूस पडला, उरले ते एकटे. हातबॉम्बनं गन आणि गनर उडवला, टॉमीगननं (हातातल्या छोट्या मशीनगननं) आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा नळी धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. मग छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात गोळ्या कुणी मारल्या याचे दोनच शब्द आहेत: शत्रूचे स्नायपर. जर्मन स्कोप बहुधा ४ पट. अंतर तुम्ही ठरवा, भागाकार करा, आणि त्या पलीकडच्या माणसाला टॉमीगन उलटी धरलेला नाईक नेमका किती दिसला असेल ते पहिल्या पानावर लिहा.