होरेसच्या ओड्स, लोबची लाल प्रत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

होरेस हा प्राचीन रोमचा लॅटिन कवी, ओड्स म्हणजे त्याच्या छोट्या गीतकविता. ही लोब क्लासिकल लायब्ररी या द्विभाषिक ग्रंथमालेतली प्रत, अनुवाद नियल रड, २००४. हातात मावणारं पुस्तक, डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी गद्य. बेनेट यांच्या १९१४च्या अनुवादाच्या जागी हा आला. चार भागांत १०३ ओड्स, शिवाय एपोड्स, म्हणजे त्याच्याच बोचऱ्या कविता.

गद्य म्हणून नाक मुरडू नका. जेम्स मिची (१९६४) किंवा डेव्हिड फेरी (१९९७) यांचे पद्यानुवाद इंग्रजी कविता म्हणून जास्त गोड लागतात, पण लय सांभाळताना शब्द जागचे हलतात. मुळावर बोट ठेवून ताडायचं तर रड यांचाच अनुवाद बरा. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावतो तसंच करायचं: आधी इंग्रजी एकदा, मग लॅटिनमध्ये क्रियापद शोधायचं, विभक्ती जुळवायच्या, शेवटी ओळ मोठ्यानं. सोळा ओळींना पाऊण तास लागतो.

इंग्रजी जिथे थिटी पडते तिथे मराठी मदतीला येते. १.३७ मध्ये (पहिल्या भागातली सदतिसावी ओड) क्लिओपात्राला आधी ‘फाताले मोन्स्ट्रुम’ म्हटलंय, नपुंसकलिंगी. लगेच पुढचा शब्द ‘क्वाए’, स्त्रीलिंगी. म्हणजे ‘ते अरिष्ट’ म्हणता म्हणता ‘जी’. तिरस्कार तिथेच आदराकडे वळतो. इंग्रजी सर्वनामात हे उतरणारच नाही. तसंच १.११ मधल्या प्रसिद्ध ‘कार्पे दिएम’मधलं ‘कार्पे’: प्रचलित इंग्रजीत दिवसावर झडप घालतात, मुळात तो फळासारखा खुडायचा आहे.

वृत्ताची तर मजाच आहे. सॅफिक कडव्याच्या (होरेसनं वापरलेलं एक ग्रीक वृत्त) पहिल्या तीन ओळी ११ अक्षरी (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू): गालगागागाललगालगागा. आपलं इंद्रवज्रा वृत्त म्हणून पाहा: गागालगागाललगालगागा. फक्त दुसरं-तिसरं अक्षर उलटं, पुढची आठ तंतोतंत तीच! चौथी ओळ पाच अक्षरांची, गाललगागा. १.२२ची पहिली ओळ ‘इन्तेगेर वीताए स्केलेरिस्क्वे पूरुस’ यावर बसवून बघा. अडतं ते देवनागरीमुळे: आपला ‘ए’ नेहमी गुरू, लॅटिनचा ऱ्हस्वही असतो. इथे ते, स्के, ले, क्वे हे चारही लघू.

यातच प्रतीची मोठी उणीव दिसते. दीर्घ स्वरांवर रेघा छापलेल्या नाहीत, त्यामुळे नवख्याला लघू-गुरू कळत नाही. शेजारी शब्दकोश हवाच. तळटिपाही त्रोटक आहेत. डेव्हिड वेस्ट यांचा ऑक्सफर्डचा अनुवाद सोबत ठेवा, त्यात लॅटिन नाही पण टिपा कामाच्या.

१.१ पासून सुरू करू नका. १.५, १.९, १.११, १.२२ या क्रमानं जा. तिसऱ्या भागातल्या पहिल्या सहा ‘रोमन ओड्स’ रोमचा इतिहास थोडाफार वाचल्यावरच.