भाड्याच्या फ्लॅटची दुरुस्ती: उक्ती की रोजावर?

कोथरूडचा फ्लॅट भाडेकरूनं सोडला आणि मावसबहिणीचा फोन आला, "दादा, प्लंबर म्हणतो उक्तं द्या, रोजावर परवडत नाही. काय करू?" उक्तं म्हणजे पूर्ण कामाची एकच रक्कम आधी ठरवायची, रोजावर म्हणजे दिवसाच्या मजुरीनं.

आधी पैशाचं. गळका नळ, फ्लशची टाकी, दाराची कडी अशी मोजता येणारी कामं उक्तीच द्यावीत. रोजावर दिली की वॉशर बदलायलाही अर्धा दिवस जातो. त्यात दोन चहा आणि 'सामान आणतो' म्हणून बोहरी आळीची एक फेरी. बाथरूमच्या भिंतीला ओल असेल तर मात्र उक्तं अंगाशी येतं. पाणी नेमकं कुठून मुरतंय ते बऱ्याचदा फरशी उकरल्याशिवाय कळत नाही. मग कारागीर आकडा फुगवून सांगतो, नाहीतर वरवर पांढरं सिमेंट भरून मोकळा होतो. माझ्याकडे तेच झालं. पहिल्याच पावसात पोपडे पुन्हा सुटले.

सामान दोन्हीकडे आपणच आणावं, बिलासकट. डोक्याला ताप रोजावर जास्त, कुणीतरी समोर उभं राहावं लागतं.

तिला सांगितलं, नळ-कड्या उक्त्या दे, ओलीचं काम रोजावर, तेही तुला सुट्टी असेल तेव्हा. आणि उक्त्यातले शेवटचे २०० रुपये नळ रात्रभर कोरडा राहिल्यावरच दे.