स्विफ्टला कॉइलओव्हर टाकले, पण सेटिंग कोण करणार? भोसरीतल्या एका गॅरेजचा रिव्ह्यू

माझी 2018 ची पेट्रोल स्विफ्ट, टायर कंपनीचेच 185/65 आर15. कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेंशन) बसवलं एका चकचकीत दुकानात (नाव घेत नाही) आणि तिथून गाडी बाहेर काढल्यापासून रोजचं रडगाणं सुरू, गतिरोधकावरून उतरलं की पुढून ठक्क, सरळ रस्त्यावर हात सोडला की गाडी उजवीकडे, आणि मागे बसलेल्या आईचं सारखं तेच की एवढे पैसे घालून बैलगाडी का केलीस. दुकानवाल्याचं उत्तर ठरलेलं, "सर, स्पोर्ट्स सस्पेंशन आहे, असंच असतं." असं नसतं हो.

मग ऑफिसातल्या एकाने भोसरी एमआयडीसीतलं हे गॅरेज सुचवलं. दोन गाड्या मावतील एवढी जागा, बोर्ड धड नाही, मालक स्वतः काम करतो आणि हाताखाली एक पोरगा. पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे गाडी लगेच रॅम्पवर चढवली नाही. आधी चारही टायरची हवा चेक केली, टाकीत पेट्रोल किती ते विचारलं, डिकी रिकामी करायला लावली आणि मग फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मधोमधपर्यंत टेप लावून चारही कोपरे मोजले. पुढे डाव्या-उजव्यात 11 मिमीचा फरक! स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स मुळातच 163 मिमी, त्यात एक बाजू जास्त बसलेली, म्हणजे सोसायटीच्या गेटवर कोणती बाजू घासत होती ते कळलं.

आता ठक्क आवाज. माझ्या किटमध्ये उंची खालच्या ब्रॅकेटवर स्ट्रट, म्हणजे शॉकअपची नळी, वर-खाली फिरवून ठरवायची असते, स्प्रिंग जिच्यावर टेकते ती वाटी फक्त स्प्रिंग हलणार नाही इतपत टाइट ठेवायची. त्या दुकानाने मात्र गाडी खाली आणायला वाटीच सोडून दिली होती, त्यामुळे चाक लटकलं की स्प्रिंग मोकळी आणि खाली टेकताना आपटणार. मालकाने चाक हवेत ठेवून स्प्रिंग हाताने गरागरा फिरवून दाखवली, म्हणाला, "दादा, ही फिरली नाही पाहिजे." बास, तिथेच माझा विश्वास बसला.

पुढचं काम कोणी सांगतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोअर आर्म (पुढच्या चाकाला खालून धरणारा हात) आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट त्याने ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली, पुढे-मागे ढकलून बसू दिली आणि मगच टाइट केले. रबरी बुश असतो ना, तो चाकं लटकत असताना आवळला तर गाडी खाली उतरल्यावर कायम पिळलेला राहतो, गाडी उगाच कडक लागते आणि रबर लवकर फाटतं. माझ्या त्या "स्पोर्ट्स" कडकपणातला बराचसा भाग यातच होता, शॉकअपचा काही दोष नाही.

अलाइनमेंट त्याच्याकडे नाही, शेजारच्या मशीनवाल्याकडे स्वतः घेऊन गेला आणि मला ड्रायव्हर सीटवर बसवून ठेवलं. पुढचा कॅम्बर (चाक उभ्या रेषेपासून किती कललंय तो कोन, वरून आत कललं की उणे, 60 मिनिटं म्हणजे 1 अंश) डावीकडे उणे 1 अंश 50 मिनिटं, उजवीकडे उणे 40 मिनिटं, गाडी कमी कललेल्या उजव्या बाजूला का ओढत होती त्याचं कारण समोर स्क्रीनवर. स्विफ्टला कंपनीकडून कॅम्बर ॲडजस्टमेंट येत नाही, म्हणून स्ट्रट आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्टपैकी एकाच्या जागी हा कोन बदलता येणारे कॅम्बर बोल्ट टाकले आणि दोन्ही बाजू उणे सव्वा अंशाच्या आसपास आणल्या. टो (वरून बघितलं तर चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली) सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. आणि हो, मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम) आहे, तिथे फिरवायला बोल्टच नाही. त्यामुळे कोणी "मागची अलाइनमेंट पण सेट केली" म्हणून वेगळे पैसे मागितले तर नक्की काय फिरवलं ते दाखवायला सांगा, मजा येईल.

डॅम्पिंगचा नॉब (शॉकअप किती कडक-मऊ ते ठरवणारा) 24 क्लिकचा, दुकानाने पुढे-मागे पूर्ण हार्ड करून ठेवलेला. याने पुढे मध्यावर आणि मागे बऱ्यापैकी मऊ ठेवलं, कारण स्विफ्टची मागची बाजू हलकी, एकटा माणूस चालवत असेल तर तिथे वजनच नसतं. मग नाशिक फाट्याच्या पुलावरचे जॉइंट आणि पुढे खराब रस्ता अशी चक्कर, परत येऊन दोन क्लिक इकडे, एक तिकडे. जॉइंटवरून गेल्यावर गाडी एकदा बसून गप्प व्हायला पाहिजे, डुलत राहिली तर मऊ आहे आणि बारीक खडबडीवर चाक टुणटुण उडालं तर हार्ड, एवढं गणित त्याने मला समजावलं आणि आकडे कागदावर लिहून दिले.

कटकटी पण आहेत. फोन उचलत नाही, सकाळी सोडलेली गाडी रात्री मिळाली, बसायला एक प्लास्टिकची खुर्ची. अलाइनमेंट आणि बोल्ट धरून साडेपाच हजार गेले, बिल मागितल्यावर साध्या पावतीवर लिहून मिळालं. गाडी स्टॉकसारखी मऊ होणार नाही हे त्याने आधीच सांगितलं होतं आणि झालीही नाही, आई अजून कुरकुरते पण आता आवाज कमी. कायद्याचं म्हणाल तर गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल किट घ्यायच्या आधी वाचा, इन्शुरन्सवाल्यालाही विचारा, त्यावर मी इथे वाद घालत नाही.

जायचं असेल तर मधल्या वारी जा, शनिवारी गर्दी असते. स्प्रिंग कापून गाडी खाली करून द्या म्हणून विचारू नका, माझ्यासमोर एकाला त्याने तसाच परत पाठवला.