वावरातला रास्पबेरी पाय, पुण्यातला लॅपटॉप: जोडायचं कशानं?

जळगाव-धुळ्याकडे रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डावर मावणारा संगणक) घेणाऱ्यांत मला दोन तऱ्हेची माणसं जास्त दिसतात. एक म्हणजे इंजिनीअरिंगचं पोरगं. त्याचा बोर्ड होस्टेलच्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारीच असतो. दुसरा पुण्यात नोकरीला असतो, पण जीव यावल-रावेरच्या केळीत अडकलेला. त्याला मातीच्या ओलाव्याचा सेन्सर लावून बोर्ड मोटारीच्या खोलीत ठेवायचाय आणि हिंजवडीतून बघायचाय. प्रश्न दोघांचा एकच, की लॅपटॉपवरून जोडायचं कशानं? पर्याय मात्र दोघांनी वेगळे घ्यावेत असं माझं मत आहे, कारण एकाचा बोर्ड आणि लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत, दुसऱ्याचे नाहीत. आधी हे ठरवा, सॉफ्टवेअर नंतर निवडा.

एकाच वायफायवर: एसएसएच की व्हीएनसी

लॅपटॉपवरून बोर्ड चालवायच्या या दोन वाटा. एसएसएचमध्ये फक्त काळी खिडकी आणि अक्षरं, हुकूम टाइप करून द्यायचे. व्हीएनसीमध्ये बोर्डाचा अख्खा डेस्कटॉप लॅपटॉपवर दिसतो, माउस फिरतो, फोल्डर उघडतात. नवा माणूस साहजिकच व्हीएनसीकडे वळतो. मी त्याला एसएसएचकडे ओढतो, आणि त्याची कारणं आहेत.

विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच आतच येतं, मॅक आणि लिनक्समध्ये ते होतंच. वेगळं काही उतरवायला नको. एसएसएचसाठी पुट्टी हे वेगळं सॉफ्टवेअर वापरायची सवय असेल तर वापरा, पण ती आता गरज राहिलेली नाही. बोर्डाच्या बाजूचं सगळं काम त्याचं मेमरी कार्ड लिहितानाच उरकतं. रास्पबेरी पाय इमेजर हे कार्ड लिहिण्याचं सॉफ्टवेअर सेटिंग विचारतं, तेव्हा युजरचं नाव, पासवर्ड, बोर्डाचं नाव, वायफाय, देश (इथे भारत निवडायला विसरू नका) भरायचं आणि एसएसएच चालू करायचं. मग मॉनिटर-कीबोर्ड न लावताही बोर्ड पहिल्या दिवसापासून हाताशी येतो. आयपी पत्ता शोधत बसायचीही गरज सहसा पडत नाही. बोर्डाचं नाव, टिंब आणि ‘लोकल’ एवढं लिहिलं की घरच्या नेटवर्कवर तो सापडतो.

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून करणाऱ्यांची इथेच फसगत होते. त्यांत ‘युजर पाय, पासवर्ड रास्पबेरी’ असं छातीठोकपणे सांगितलेलं असतं. एसएसएच २०१६ च्या नोव्हेंबरपासून मुळात बंद येतं, आणि तो ठरलेला युजर-पासवर्ड २०२२ च्या एप्रिलमध्ये काढून टाकला. त्यामुळे तुम्ही स्वतः दिलेलं नावच चालेल. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा आणि एंटर दाबा.

कार्ड पुन्हा लिहिलंत तर लॅपटॉप एकदम मोठ्या अक्षरांत ओरडतो की समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणी मध्ये बसलं असेल. घाबरू नका. नव्या कार्डाबरोबर बोर्डाची किल्ली नवी झाली, लॅपटॉपकडे जुनी नोंद आहे. ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलमधली त्या बोर्डाची ओळ काढा, काम होतं. मात्र कार्डाला हात न लावता हा इशारा आला, तर गंभीरपणे घ्या.

आता व्हीएनसी. रास्पबेरी पाय ओएस या बोर्डाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बुकवर्म आवृत्तीत (२०२३) पाय ४ आणि ५ या मॉडेलांवर डेस्कटॉप वेलँड या पडदा दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर गेला, आणि वर्षानुवर्षं आत बसवून येणारा रिअलव्हीएनसीचा सर्व्हर त्यावर चालेना. त्याच्या जागी वेव्हीएनसी आलं आणि लॅपटॉपवर टायगरव्हीएनसी वापरा अशी शिफारस झाली. म्हणजे जुनी माहिती वाचून रिअलव्हीएनसी टाकलंत तर डोकं खाजवत बसाल. मॉनिटर न लावलेल्या बोर्डावर रिझोल्यूशनचाही घोळ होतो, ते सेटिंगमध्ये जाऊन ठरवून द्यावं लागतं.

शिवाय वजन. १९२० बाय १०८० चा एक पूर्ण पडदा, न दाबता, ६ एमबीच्या वर जातो. व्हीएनसी तो दाबून आणि बदललेला भागच पाठवतं, तरी एसएसएचच्या चार ओळींपुढे ते हत्तीचं ओझंच. ५१२ एमबी रॅमच्या झिरो २ डब्ल्यू या छोट्या मॉडेलवर डेस्कटॉप चालवणं म्हणजे बोर्डाचा छळ. त्यात आपला उन्हाळा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं काही नवं नाही, आणि बोर्डाचा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की स्वतःचा वेग कमी करायला लागतो. पत्र्याच्या खोलीत उगाच डेस्कटॉप पेटता ठेवून त्याला तिथवर नेऊ नका.

कॅमेऱ्याचं चित्र बघायचंय, शाळेत पोरांना ब्लॉक जोडून प्रोग्रामिंग शिकवायचंय, तर व्हीएनसी बिनधास्त घ्या. तिथे पडदा दिसणं हेच काम आहे. सेन्सरचे आकडे, रिले, डेटाबेस, यासाठी एसएसएच पुरेसं आहे, आणि फाइल इकडून तिकडे पाठवणं त्याच वाटेनं होतं. काळ्या खिडकीचा कंटाळा असेल तर व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचं रिमोट एक्स्टेंशन एसएसएचवरूनच बोर्डावरच्या फाइल उघडून देतं. पाय ४ वर मजेत चालतं, झिरो २ डब्ल्यूवर धापा टाकतं.

होस्टेलच्या वायफायवर बऱ्याचदा एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये असं सेटिंग असतं. मग बोर्डही चालू, लॅपटॉपही चालू, पण भेट नाही. अशा वेळी मोबाईलचं हॉटस्पॉट बरं. फक्त ते २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, कारण झिरो २ डब्ल्यू आणि पाय ३ बी यांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. ज्या बोर्डाला लॅनचं भोक आहे, त्याला सरळ लॅपटॉपला केबल लावली तरी चालतं.

बोर्ड वावरात, तुम्ही पुण्यात: कनेक्ट की टेलस्केल

इथे चित्र पालटतं. वावरात नेट म्हणजे सिमचं डोंगल किंवा फोरजी राउटर. सिमवर तुम्हाला स्वतःचा असा सार्वजनिक पत्ता सहसा मिळत नाही, कंपनी एकाच पत्त्यामागे खूप ग्राहक बसवते. म्हणून ‘राउटरमध्ये पोर्ट उघडा’ हा जुना सल्ला इथे चालतच नाही. आणि जिथे चालतो, तिथेही देऊ नये: एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट जगाला उघडं दिसलं की पासवर्ड ठोकून बघणारे बॉट दाराशी रांग लावतात.

म्हणून बोर्डानंच आतून बाहेर फोन लावायचा, अशा दोन सोयी आहेत. रास्पबेरी पाय कनेक्ट ही कंपनीची स्वतःची, २०२४ च्या मे महिन्यात आली. खातं काढा, बोर्ड त्याला जोडा, मग कुठल्याही ब्राउझरमधून उघडा. लॅपटॉपवर काहीच टाकायचं नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायला बंदी असलेल्यांना हे फार सोयीचं. वेलँडचा डेस्कटॉप असेल तर पडदा दिसतो, डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती असेल तर फक्त काळी खिडकी.

पण कनेक्टची एक गोष्ट खानदेशात हमखास आडवी येते. ते युजरच्या नावानं चालतं, म्हणजे तो युजर लॉगिन असेल तोवरच. शेतीच्या फीडरची लाईट पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. बॅटरी नसेल तर बोर्ड रोज बंद-चालू होणार, आणि चालू झाल्यावर तिथे लॉगिन करायला कोण बसलंय? यादीत बोर्ड ‘ऑफलाइन’ दिसतो आणि माणूस यावलला भावाला फोन करतो, ‘दादा, खोलीत जाऊन बघ ना.’ उपाय एका ओळीचा आहे: त्या युजरसाठी ‘लिंगर’ नावाची सोय चालू करायची, मग लॉगिन नसतानाही कनेक्ट चालू राहतं. बोर्ड वावरात नेण्याआधी घरीच करा.

टेलस्केल वेगळ्या वाटेनं जातं. वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर उभं असलेलं हे खासगी जाळं. बोर्ड आणि लॅपटॉप दोन्हीवर टाकलं की दोघं जणू एकाच घरच्या वायफायवर आहेत असं वागतात. मग तुमचं नेहमीचं एसएसएच, फाइल पाठवणं, व्हीएस कोड, बोर्डावरचं आलेखाचं वेबपान, सगळं जसंच्या तसं चालतं. मोबाईलवरही टाकता येतं, म्हणजे बसमध्ये बसून आकडे बघता येतात. शिवाय रास्पबेरीच हवा अशी अट नाही. ऑरेंज पाय असो की बनाना पाय, चालतं. (रावेरच्या केळीत बनाना पाय बसवण्याची हौस कुणाला झाली तर मी समजू शकतो.) कनेक्ट मात्र रास्पबेरी पायपुरतंच.

टेलस्केलचा काटा वेगळा. प्रत्येक यंत्राची किल्ली ठरल्याप्रमाणे १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. लॅपटॉपला ठीक आहे. वावरातला बोर्ड मात्र सहा महिन्यांनी, ऐन गरजेला, गप्प होतो. खात्यात जाऊन त्या बोर्डापुरती ही मुदत बंद करून ठेवा.

माझा कौल टेलस्केल अधिक एसएसएच या जोडीला, आणि जोडीला कनेक्टही टाकून ठेवा. दोन्ही एकत्र नांदतात, एक रुसलं तर दुसऱ्यानं आत जाता येतं. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज येते-जाते, तिथे मॉश बघाच. ते एसएसएचसारखंच आहे, पण नेट तुटलं तरी बैठक मोडत नाही, परत आलं की तिथूनच पुढे. निदान टीमक्स तरी वापरा, म्हणजे अपडेट अर्ध्यात असताना रेंज गेली तरी काम बोर्डावर चालू राहील.

नेटच बोलत नसेल तेव्हा

वायफायचा पासवर्ड बदलला, फाइल बिघडली, बोर्ड अर्ध्यातच अडकला, तर वरचं सगळं मुकं. तेव्हा यूएसबी-टीटीएल नावाची छोटी सिरियल केबल कामी येते. तीन तारा लागतात: ६ नंबरच्या पिनला ग्राउंड, ८ ला केबलची घेणारी तार, १० ला देणारी. वेग ११५२००. केबल ३.३ व्होल्टचीच घ्या. ५ व्होल्टची तार या पिनांना लागली तर बोर्ड जायची भीती, आणि केबलमधली लाल तार मोकळीच ठेवा. पाय ५ ला यासाठी वेगळं तीन पिनांचं छोटं तोंड आहे. सिरियल आधी चालू करून ठेवावं लागतं. राहिलं असेल तर कार्ड लॅपटॉपला लावून कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालता येते.

टेबलावरच्या बोर्डाला ही केबल नसली तरी चालेल, मॉनिटर लावता येतो. मोटारीच्या खोलीत मॉनिटर कुठून आणणार? ती तिथेच, स्टार्टरच्या पेटीशेजारी, पिशवीत घालून टांगा.

बोर्ड बसवल्यावर लगेच पुण्याची गाडी पकडू नका. खोलीतला मेन स्विच पाडा, थोडं थांबा, परत चढवा. मग लॅपटॉप त्या राउटरवरून काढून स्वतःच्या मोबाईलच्या डेटावर घ्या आणि आत जाता येतंय का बघा. कनेक्टनं एकदा, टेलस्केलनं एकदा. जिथे अडेल तिथे भाऊ शेजारी उभा असताना दुरुस्त करणं सोपं, हिंजवडीतून फोनवर सांगणं महाकठीण.