शहापूरचे बजेट रिसॉर्ट : पैसे वसूल होतात, पण मंगळवारी

शहापूर, मुरबाड आणि बदलापूर या पट्ट्यात मध्यम दराची रिसॉर्टे आता इतकी झाली आहेत की जाहिरातीतील निळेशार तलाव आणि रंगीत छत्र्या पाहून त्यांपैकी एक निवडणे हा निव्वळ नशिबाचा भाग झाला आहे. पितृपंधरवड्यातील एका मंगळवारी सकाळपासून बुधवारी सकाळपर्यंत मी, माझे पती, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघे ठाण्याहून निघून आसनगावजवळच्या अशाच एका रिसॉर्टमध्ये राहिलो. रिसॉर्टचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा त्या एकट्या ठिकाणाच्या नाहीत आणि ज्या गोष्टींमुळे आमचे पैसे वसूल झाले त्याही या पट्ट्यात अन्यत्र मिळू शकतात.

प्रथम दर. शनिवार-रविवारी माणशी २,४०० रुपये आणि सोमवार ते गुरुवार माणशी १,६०० रुपये, मुलाला निम्मे. त्यात दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा आणि भजी, रात्रीचे जेवण, दुसऱ्या दिवशीची न्याहारी, खोली आणि पोहण्याचा तलाव एवढे धरलेले होते. आमचे ५,६०० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी मिळून ५,८८० रुपये झाले. शनिवारी गेलो असतो तर याच खोलीचे आणि याच जेवणाचे ८,४०० रुपये आणि त्यावर जीएसटी द्यावा लागला असता. साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तरी फोनवर दर सांगताना ‘टॅक्स वेगळा’ एवढेच म्हणण्याची पद्धत कायम आहे. म्हणून टक्केवारी विचारून घ्यावी आणि जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारावे.

अशा ठिकाणाचा हिशेब खोलीपासून न करता जेवणापासून करावा, असे माझे मत आहे. ठाण्यातील साध्या हॉटेलच्या दराने दोन जेवणे, न्याहारी आणि चहा-भजी यांचे माणशी सुमारे नऊशे रुपये होतात. उरलेल्या सातशे रुपयांत स्वच्छ चादर, चालू पंखा आणि मोकळे आवार मिळाले, तर तक्रारीला जागा राहत नाही. मात्र शनिवारच्या दरात हेच सातशे पंधराशेवर जातात आणि त्या किमतीची खोली तेथे नाही.

वार जितका महत्त्वाचा तितकाच महिना, आणि या धंद्याचे वेळापत्रक पंचांगावर चालते. आषाढाच्या शेवटच्या शनिवार-रविवारी गटारीची मंडळी येतात तेव्हा लहान मुले आणि वडीलधारी माणसे घेऊन तेथे फिरकू नये. श्रावण लागला की तीच आवारे ओस पडतात. तुळशीचे लग्न झाल्यावर लग्नसराई सुरू होते आणि हिरवळीवर कोणाची तरी हळद लागलेली असते. तुमची खोली लांब असली तरी डीजे लांब नसतो. पितृपंधरवड्यात लग्न नाही, साखरपुडा नाही, बारसे नाही, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि माहुलीचे सुळके हिरव्या डोंगरावर स्वच्छ दिसतात. ‘ह्यांची तिथी होऊ दे, मग जाऊ’ एवढीच अट सासूबाईंनी घातली होती. मुलाची एका दिवसाची शाळा बुडाली, तो खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही.

जाण्यायेण्याचेही तसेच आहे. सुट्टीच्या दिवशी माजिवडा ते वडपे या टप्प्यातील कोंडीत गाडी अडकली की रिसॉर्टमधील पहिले दोन तास रस्त्यावरच संपतात, आणि ते तासही तुम्ही विकत घेतलेलेच असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सारी गर्दी मुंबईच्या दिशेने वाहत असते, त्यामुळे ठाण्याहून आसनगाव किंवा कसारा लोकलमध्ये चौघांनाही बसायला जागा मिळाली. स्थानकावरून रिसॉर्टची गाडी मागवल्यास पाचशे रुपये सांगतात. बाहेर उभ्या असलेल्या रिक्षा त्याहून बऱ्याच कमी पैशांत सोडतात.

आता जेवण, कारण या मुक्कामातील खरी कमाई तीच होती. शनिवारी तेथे बुफे मांडतात आणि दुपारी दोननंतर येणाऱ्याच्या वाट्याला कोमट रस्सा येतो, असे तेथील वाढप्यानेच सांगितले. मंगळवारी आमच्याखेरीज दोनच कुटुंबे होती, त्यामुळे ताटे वाढून आली. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला चुलीजवळ बसलेल्या मावशी तांदळाच्या उकडीचा गोळा परातीत घेऊन, हाताला पाणी लावत, भाकरी थापता थापता गोल फिरवत होत्या; तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवून, उलटून, शेवटी निखाऱ्यावर धरली की ती टम्म फुगत होती. ती भाकरी, वांग्याची भाजी, आमटी-भात आणि कांद्याची चटणी एवढेच जेवण होते, पण ते गरम होते आणि पुन्हा मागितल्यावर कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. पंधरवड्यामुळे आम्ही शाकाहारीच जेवलो, तेव्हा चिकनबद्दल मला मत देता येणार नाही. शाकाहारी पाहुण्याने चिकनच्या दराने पैसे का भरावेत, असे मी व्यवस्थापकांना विचारले. ‘ताई, दर तोच राहील, पण रात्री तुम्हाला अळूवडी आणि भरली वांगी करून देतो,’ असे ते म्हणाले आणि त्यांनी शब्द पाळला. अळूवडी बाहेरून खमंग आणि आतून मऊ होती. चिंचेचा हात थोडा आखडता होता, एवढेच. सकाळचे पोहे मात्र कोरडे होते.

खोली साधी होती. चादरी धुतलेल्या होत्या, भिंतीला पावसाळ्यातील ओलीचा वास होता, टॉवेल मागितल्यावर मिळाले आणि गिझर सकाळी सहा ते नऊ एवढाच चालू होता. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजला आणि कमोड हवा, हे आधीच सांगून ठेवल्यामुळे तशी खोली मिळाली; वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचा जिना मी पाहिला, तो त्यांना झेपला नसता.

खरी निराशा पोहण्याच्या तलावाने केली. पाहुणे कमी असले की पाणी गाळणारी मोटर बंद ठेवतात, असे दिसले. पाण्यावर पाने तरंगत होती आणि कडेची फरशी बुळबुळीत झाली होती. मी सांगितल्यावर मोटर सुरू झाली, पण पाणी निवळेपर्यंत दुपार सरली. नायलॉनचा पोशाख सक्तीचा असून तो भाड्याने घेतल्यास प्रत्येकी शंभर रुपये पडतात, म्हणून घरून न्यावा. ‘रेन डान्स’ किमान वीस माणसे असल्याशिवाय लावत नाहीत, आणि ते आम्हाला फोनवर कोणी सांगितले नव्हते. एप्रिल-मे महिन्यात मात्र मी या तलावासाठी जाणार नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे याच तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवर टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला अशी स्थिती असताना टँकरच्या पाण्याने भरलेल्या तलावात डुंबायला मन घेत नाही.

बिलात दोन गोष्टी तपासाव्या लागल्या. वीस रुपये छापील किंमत असलेल्या पाण्याच्या बाटलीचे तीस रुपये लावले होते. हॉटेलांना छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला असल्याने त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आपली बाटली न्यावी आणि फिल्टरचे पाणी भरून घ्यावे, ते तेथे होते. दुसरी गोष्ट सेवा शुल्काची. ते बिलात आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले असून दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. हे शांतपणे सांगितल्यावर रक्कम लगेच वजा झाली, आणि त्यातली थोडी मी भाकरी करणाऱ्या मावशींच्या हातात दिली.

आरक्षणाच्या वेळी तीस टक्के आगाऊ रक्कम यूपीआयने घेतात. बेत रद्द झाल्यास ती परत मिळत नाही, पण तीन दिवस आधी कळवल्यास तारीख बदलून देतात. फोनवर मिळालेले हे आश्वासन, जेवणाची यादी आणि खोली सोडण्याची वेळ मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागितली होती. सकाळी दहाला खोली सोडायची, असे त्यात होते. साडेनऊला दार वाजवायला आलेल्या मुलाला तो संदेश दाखवल्यावर आम्हाला न्याहारी बसून खाता आली.