घरगुती फ्लोराइड किट: बोअर-टँकरच्या पाण्यासाठी घ्यावं का?

पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं हे किट घ्यावं, पण त्याची मर्यादा समजून. खडकवासला साखळीतलं महापालिकेचं पाणी बारमाही येत असेल तर गरज नाही. धरणाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा फार कमी असतं. वाघोली, उंड्रीकडच्या बोअर-टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांना मात्र हे किट उपयोगी आहे. पुण्याच्या काळ्या पाषाणात यवतमाळ-चंद्रपूरइतका धोका नाही, तरी टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे सोसायटीला क्वचितच कळतं. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. ३०० टीडीएसच्या पाण्यातही लिटरला २ मिलीग्रॅम फ्लोराइड असू शकतं आणि मीटरला ते वेगळं दिसत नाही.

किटमध्ये झिर्कोनियम आणि रंगद्रव्याचं द्रावण असतं. फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेतं आणि गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकतो. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, थेंब टाका, हलवा, पत्रकात दिलेला वेळ थांबा आणि तक्त्याशी रंग जुळवा. ऐकायला सोपं आहे, पण बहुतेक चुका इथेच होतात. पिवळट बल्बखाली रंग पाहिला तर आकडा फसवा येतो, त्यामुळे दिवसाउजेडी खिडकीशी पाहा. पाण्यात क्लोरीन असेल तर ते रंगच उडवतं आणि फ्लोराइड जास्त दिसतं. म्हणून नमुना टाकीतून नको, क्लोरीन घालण्याआधी थेट बोअरच्या नळावरून प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. तुरटी फिरवलेल्या पाण्यात उलटं होतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवतं आणि आकडा कमी येतो. द्रावण जुनं झालंय का, हे बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यावर तपासा. तिथे शून्याचा रंग आला नाही तर बाटली बदला. द्रावणात आम्ल असतं, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तक्त्यावर १ आणि १.५ यांतला फरक डोळ्यांनी नीट ठरत नाही, आणि निर्णय तर तिथेच घ्यायचा असतो. आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलीग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणून किटवर ०.८ च्या वर काहीही दिसलं की प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड पद्धतीने तपासणी करून घ्या. एवढ्यासाठी या किटला पाचपैकी साडेतीन.

हाडांचं काय? मोठ्या माणसाने शोषलेल्या फ्लोराइडपैकी साधारण निम्मं हाडांत आणि दातांत मुरतं, लहान मुलांत त्याहून जास्त. हाडं दाट होतात, पण ठिसूळही. पाण्यात लिटरला ३ ते ६ मिलीग्रॅम फ्लोराइड असेल आणि ते वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर सांधे दुखणं, मान-पाठ आखडणं सुरू होऊ शकतं; पुढे हाडं जोडणाऱ्या अस्थिबंधांतही कॅल्शियम साचतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फ्लोराइड नीट बाहेर टाकलं जात नाही, अशा घरात हयगय नको. कोऱ्या चहातूनही फ्लोराइड येतं, ते हिशेबात धरा.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटून वाढतं. यूव्ही आणि कँडलही निरुपयोगी. आरओ चालतो, ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचं कार्ट्रिजही चालतं, फक्त ते कधी संपलं हे पाण्याच्या चवीवरून कळत नाही. किटचा खरा उपयोग इथे आहे: दर महिन्याला फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी शेजारी-शेजारी नळ्यांत तपासा. नंतरच्या पाण्याचा रंग आधीच्या पाण्याच्या रंगाकडे झुकू लागला की कार्ट्रिज बदला.