फ्रेंच प्रेस : नऊ महिने रोज वापरल्यावर

मागच्या दिवाळीत फ्रेंच प्रेस घेतला, म्हणजे पूड गरम पाण्यात मुरवून दांड्याला लावलेल्या जाळीनं खाली दाबायचं कॉफीचं भांडं. आता बाहेर झड लागलीय आणि रोज सकाळी सहाला ओट्यावर तोच असतो, एवढ्यावरून समजा की मला तो मानवला. पण पहिले दोन महिने मी तो माळ्यावर टाकायच्या बेतात होते. चूक पुडीची होती.

बेळगावातली आमच्यासारखी मराठी घरं तशी चहाची. सासूबाई मात्र धारवाडात वाढलेल्या, त्यामुळे आमच्याकडे स्टीलचा कॉफी फिल्टर जुना. त्याची पूड बारीक, शिवाय चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड, घातलेली. तीच मी प्रेसमध्ये घातली. फिल्टरमध्ये पाणी पुडीतून थेंबथेंब झिरपतं, तिथं बारीकच लागते. प्रेसमध्ये पूड पाण्यात मुरते आणि मग जाळीनं खाली दाबायची असते. बारीक पूड जाळीत बसली, दांडा अडला, मी जोर लावला आणि गरम कॉफी कडेनं उसळून मनगटावर आली. नंतर बिया आणून मिक्सरला फिरवल्या, तर अर्धं पीठ आणि अर्ध्या कण्या. पीठ कडवट उतरतं, कण्या कच्च्या राहतात.

शेवटी पुडीच्या दुकानात सांगून बघितलं, "चिकोरी ब्याड्री, दप्प माडि कोड्री." चिकोरी नको, जाड दळून द्या. त्यांनी दोन बोटांत चोळून दाखवली, लापशीच्या रव्याएवढी. त्या दिवशी तळव्याच्या नुसत्या वजनानं दांडा खाली गेला.

बिया चिकमगळूरच्या अरेबिका जातीच्या, प्लांटेशन ए प्रतीच्या, मध्यम भाजलेल्या. प्लांटेशन म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेल्या. चेरी म्हणजे अख्ख्या फळासकट वाळवलेल्या. प्रेसला मला प्लांटेशनच आवडते, चव स्वच्छ लागते. माप 30 ग्रॅम पूड, 450 मिली पाणी. पाणी 93 ते 96 अंश हवं असं म्हणतात. आपलं बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, इथं पाणी 97-98 अंशालाच उकळतं. म्हणून गॅस बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबलं की पुरे. गोव्यात बहिणीकडे जरा जास्त थांबते.

पाणी ओतलं की पूड फुगून वर येते आणि जाड साय धरते. भाजणी ताजी असेल तर सायीवर बुडबुडे फुटत राहतात. जुनी पूड मुकाट बसून राहते. ताजेपणा ओळखायला मला दुसरी खूण लागत नाही. चार मिनिटांनी लाकडी चमच्यानं साय मोडायची. त्या वेळी जो वास सुटतो तो फिल्टरच्या कॉफीला मला कधीच आला नाही. वरचा फेस काढते, आणखी दोन-तीन मिनिटं गाळ बसू देते, मगच दाबते आणि लगेच थर्मासमध्ये ओतते. प्रेसमध्येच ठेवली तर अर्ध्या तासात कडू होते.

दुधाची कॉफी हा याचा कमकुवत भाग. "अगं, दुधात ही पाणचट लागते गं," असं सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि त्यांचं खरं आहे. 320 मिलीला 40 ग्रॅम घालून बघितली, बरी झाली, पण फिल्टरमधून उतरणाऱ्या दाट अर्काचा, डिकॉक्शनचा, दाटपणा नाही तो नाहीच. त्यांच्यासाठी आणि पाहुण्यांसाठी फिल्टर चालूच आहे. तुम्ही कोरी कॉफी पीत नसाल तर प्रेस घेऊ नका.

आणखी एक. जाळीतून कॉफीचं तेल कपात उतरतं, म्हणून चव भरीव लागते. पण त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी गाळणीत ते बहुतेक अडकून राहतं. सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यांना मी यातली देत नाही. मीही दिवसाला एकच कप घेते.

काचेचं भांडं फेब्रुवारीत तडकलं. गरम असतानाच नळाखाली धरलं होतं. नुसती काच कुठं मिळाली नाही, तेव्हा दुहेरी भिंतीचा स्टीलचा प्रेस घेतला, आणि पहिल्यापासून हाच घ्यायला हवा होता. जाळीच्या चकत्या आठवड्यातून एकदा सुट्या करून साबणानं घासाव्या लागतात, नाहीतर तेलाचा खवट वास धरतो. गाळ सिंकमध्ये ओतू नका, मोरी तुंबते. मी निथळून कुंड्यांच्या मातीत मिसळते. पावसाळ्यात पूड 100 ग्रॅमच दळून आणते. इथल्या दमट हवेत पाव किलोच्या पुड्याचा वास दहा दिवसांत उडाला होता, आणि सायीवर एक बुडबुडा येईना.